शेजारच्या खुंटीवरची किल्ली

जयंती,

हे पत्र तुला आवडणार नाही, ते आधीच सांगून टाकते. तू घर कसं विकलंस हे बिल्डिंगमध्ये चार जण चार तऱ्हांनी सांगतात. कोणी म्हणतं दलालाने तुला गुंडाळलं, कोणी म्हणतं तूच त्याला गुंडाळलंस. पहिल्या मजल्यावरच्यांचं तर ठाम मत आहे की मधल्यामधे मी हात मारला. रोज जिन्यात थांबून खुलासे करायचं माझं वय राहिलेलं नाही, म्हणून एकदाच नीट लिहून काढते. दाराआड बसून तुझ्या मनात काय काय आलं ते सगळं तूच मला सांगितलंस, तेव्हा तुझ्या बाजूनेच सांगते. यात क्षमा नावाची शेजारीण येईल. तिच्याबद्दल तुला जे वाटलं तेच लिहीन, मऊ करणार नाही. तुझ्याबद्दलही करणार नाही. चष्मा लावून वाच आणि मध्येच फोन करून "असं नव्हतंच गं" म्हणू नकोस.

जयंती पेंडुरकर रेशनिंग खात्यात एकतीस वर्षं होती, त्यातली बावीस इन्स्पेक्टर. कार्डावर आठ माणसं लिहिलेली असली, तर घरात खरोखर किती राहतात ते बघायला ती न सांगता दारात उभी राहायची. माणसं खोटं बोलतात आणि दारातल्या चपला शेजारून आणून मांडता येतात, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं. म्हणून ती कोणाशी फार न बोलता सरळ मोरीत जायची आणि टूथब्रश मोजायची. टूथब्रश कोणी कोणाला उसना देत नाही. आठ माणसांच्या घरात तीन ब्रश निघाले की तिचं काम झालं.

ही सवय ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. तिचा नवरा श्यामकांत म्हणायचा, "हिला गजरा दिला तरी आधी कळ्या मोजते." तो गेला त्याला सहा वर्षं झाली. मुलगा सुबोध बोरिवलीला, बायको आणि दोन मुलांसह. जयंती मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर एकटी. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची, आणि लिफ्ट नाही. गुडघ्यांनी आधी भाजी आणणं बंद केलं, मग वाचनालय, मग बँक. शेवटी तिने ठरवलं, हे घर विकायचं आणि सुबोधच्या समोरच्या इमारतीत एका खोलीचं, लिफ्टवालं, पण स्वतःचं घर घ्यायचं. स्वतःचं दार, स्वतःचं कुलूप.

विकताना कोणी फसवलं, तर एका खोलीचंही जमणार नव्हतं. मग सुबोधच्या हॉलमधला सोफा-कम-बेड. सोफा-कम-बेडवर झोपणारी म्हातारी पहाटे उठून बेडचा सोफा करून ठेवते, हे तिने बहिणीच्या घरी पाहिलं होतं. तिला ते नको होतं. इतकीच गोष्ट होती, पण तिच्यासाठी सगळी होती.

"आई, ॲपवर टाकू," सुबोध म्हणाला. "फोटो काढायचे, लोक फोन करतात."

"कोण लोक?"

"लोक म्हणजे... लोक गं."

"म्हणजे माझं स्वयंपाकघर अख्ख्या जगाने बघायचं. एकटी बाई तिसऱ्या मजल्यावर राहते, तेही सांगूया का? दुपारी मी किती वाजता झोपते तेही घाल त्यात."

सुबोधने पुन्हा विषय काढला नाही, आणि त्याने विषय का काढला नाही याचाही जयंतीला संशय आला.

मग स्टेशनजवळच्या दलालाकडे गेली. निहार नाव त्याचं. पांढरा शर्ट, दोन फोन, प्रत्येक वाक्यात "काकू". त्याने एक छापील कागद पुढे केला. तीन महिने घर फक्त त्याच्याच मार्फत दाखवायचं, दुसऱ्या कोणाला नाही. जयंतीने पर्समधून फूटपट्टी काढली आणि एकेका ओळीखाली धरून दोन्ही पानं वाचली. निहारने तोवर चहा मागवला, तो आला, आणि निवलाही.

"तीन महिन्यांत नाही विकलंस तर?"

"काकू, विश्वास ठेवा ना."

एकतीस वर्षांत ज्याने ज्याने तिला विश्वास ठेवायला सांगितलं त्याचं कार्ड बोगस निघालं होतं. "विचार करते," म्हणून तिने कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

तिसरा मार्ग सोसायटीच्या नोटीस बोर्डाचा. या बिल्डिंगमधली मागची तीन घरं तशीच गेली. एक कागद लावायचा, कोणाचा तरी भाचा नाहीतर भाचीचा मित्र निघतोच. पण बोर्डावर कागद लागला म्हणजे सगळ्यांना कळलं. सेक्रेटरी मेव्हण्याला घेऊन येणार, वर गुडघ्यांची चौकशी करणार, आणि बाई गरजू आहे असं दिसलं की भाव पडणार. तेव्हा जयंतीने ठरवलं, तूर्त कोणाला काही बोलायचं नाही. आधी घर तयार करायचं.

कोणाला म्हणजे क्षमालासुद्धा. क्षमा दिघे समोरच्या दारात राहायची. निवृत्त शिक्षिका, तोंडाने फटकळ, कान तिखट. सव्वीस वर्षं जयंतीच्या घराची एक किल्ली लाल नाडी बांधून क्षमाच्या फ्रिजशेजारच्या खुंटीवर, आणि क्षमाच्या घराची एक जयंतीच्या कपाटात. गॅसवर दूध राहिलं, दार ओढलं गेलं, गावाहून यायला उशीर झाला, असल्या शंभर वेळा त्या किल्ल्या चालल्या होत्या. आता मात्र जयंतीच्या मनात आलं, ही बाई सगळ्या बिल्डिंगशी बोलते.

निहार एकदा घर बघून गेला, तेव्हा त्याने न मागता तयारीची यादीही दिली होती. माळा रिकामा करा. भिंतीवरचे फोटो उतरवा. देवघर कपाटात. पांढऱ्या ट्यूब काढून पिवळे दिवे लावा. पार्टी यायच्या आधी लिंबाच्या वासाचा स्प्रे मारा. "आणि काकू, बेडरूमच्या छताला तो डाग आहे ना, तो पेंटमध्ये घेऊन टाका. पार्टीला कशाला दाखवायचा?"

जयंतीला त्या यादीचं हसू आलं आणि चीडही. तिच्यासाठी लोकांनी आयुष्यभर घर गरीब करून दाखवलं होतं. पिवळ्या कार्डासाठी फ्रिजवर चादर टाकून त्यावर गाद्या रचलेल्या तिने पाहिल्या होत्या, मोटारसायकल मेव्हण्याची झालेली पाहिली होती. आता तिने स्वतःचं घर श्रीमंत करून दाखवायचं होतं. नाटक तेच, फक्त उलट्या बाजूने.

तरी तिने ते केलं. माळ्यावरचं सामान रोज एक पिशवी, दुपारी तीन वाजता, जिन्यात कोणी नसताना खाली जाऊ लागलं. दुसऱ्याच दिवशी क्षमाचं दार उघडलं.

"काय नेतेस गं एवढं?"

"जुने पेपर."

"पेपर खडखडतात कधीपासून?"

जयंती तशीच खाली उतरली. पिशवीत श्यामकांतचा स्टोव्ह होता.

रंगारी आला तेव्हा तिने क्षमाला घरी सत्यनारायण असल्याचं सांगितलं. बेडरूमच्या छतावरचा डाग पोळीएवढा होता. गच्चीचं पाणी. सोसायटी दरवर्षी डांबर घालायची आणि तो दरवर्षी परत यायचा. रंगाऱ्याने खरवडून पुट्टी भरली, वर दोन हात मारले. डाग गेला. जयंती खाली उभी राहून वर बघत राहिली. तिच्या मनात आलं, ही फ्रिजवरची चादर झाली. मग तिने स्वतःला बजावलं की सगळे असंच करतात, आणि रंगाऱ्याला पाणी दिलं.

रंगाच्या वासाने दमा उठला, म्हणून ती आठवडाभर सुबोधकडे गेली. जाताना क्षमाकडची किल्ली मागून घ्यावी असं फार वाटलं, पण सव्वीस वर्षांत न मागितलेली किल्ली मागितली म्हणजे सगळं सांगितल्यासारखंच. त्यापेक्षा तिने आपल्या पद्धतीने बंदोबस्त केला. फ्रिज रिकामा करून बंद केला. खाली मीटरच्या खोलीत जाऊन आकडा टिपून घेतला. दार ओढताना फटीत, जमिनीपासून वीतभर वर, एक आगकाडी अडकवली.

सातव्या दिवशी परत आली तेव्हा काडी पायपुसण्यावर पडलेली होती. मीटर एक युनिट पुढे गेला होता. आत एक कप धुऊन उपडा घातलेला, पण रॅकच्या डाव्या बाजूला, आणि जयंती कप नेहमी उजवीकडे ठेवायची. हॉलमधली खुर्ची खिडकीकडे फिरवलेली.

जयंती त्या खुर्चीसमोर पलंगाच्या कडेला बसली आणि तिने मनात पंचनामा केला. किल्ली एका क्षमाकडेच. घर रंगवलेलं. निहारने परवा फोनवर मोघम विचारलं होतं, "काकू, दुसरं कोणी दाखवत तर नाही ना?" त्याला तसं का वाटावं? म्हणजे क्षमा घर दाखवत होती. पार्टीला खिडकीपाशी बसवून, हवा कशी येते बघा म्हणत, वर चहा पाजून. परस्पर सौदा ठरवायचा, मग जयंतीपुढे पडेल भावाचं गिऱ्हाईक उभं करायचं आणि वरचा मलिदा आपण खायचा. सव्वीस वर्षं.

तिने क्षमाला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं की माणसं सावध होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुद्दाम समोरची बेल वाजवून म्हणाली, "जाते गं बोरिवलीला. अजून वास जात नाही."

"जा. गुडघ्याचं तेल घेतलंस ना?"

"घेतलं."

ती कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत गेली, तिथल्या बाकावर तासभर बसली, आणि क्षमाची जेवायची वेळ साधून एकेक पायरी गिळत परत वर आली. बाहेरून कुलूप आहे तसं दिसावं म्हणून आतून फक्त लॅच ओढलं आणि बेडरूमचं दार लोटून स्टुलावर बसली. डोक्यावर पुट्टी भरलेलं छत.

सव्वादोनला किल्ली फिरली. चपला काढल्याचा आवाज. पंखा. मग स्वयंपाकघरात लायटर दोनदा टकटकला. जयंतीने कान दिला. आता पार्टी येणार. बेल वाजेल, नाहीतर फोन. चहाचा वास आला. खुर्ची सरकली. वर्तमानपत्राचं पान उलटलं. दहा मिनिटांनी दुसरं पान. अर्धा तास झाला, पाऊण झाला, पार्टी काही येईना, आणि जयंतीच्या गुडघ्याला कळ लागली. ती उठली आणि दार उघडलं.

क्षमा खिडकीपाशी पाय वर घेऊन बसली होती. ती दचकली, पण कप सांडू दिला नाही.

"चहा घेणार?" ती म्हणाली. "दूध एकीपुरतंच आणलंय. काळा घ्यावा लागेल."

"कोण येणारे?"

"कुठे?"

"इथे. कोणाला दाखवतेस माझं घर?"

क्षमाने कप खाली ठेवला. "जयंती, तू बेडरूममध्ये किती वेळ होतीस?"

"तू उत्तर दे आधी."

"श्वेता घरून काम करते," क्षमा म्हणाली. श्वेता तिची सून. "सकाळी दहापासून कॉल. मिक्सर लावायचा नाही, टीव्ही नाही. कुकरची शिट्टी झाली तरी हात वर करते. काल मला खोकला आला तर म्हणाली, 'आई, जरा पलीकडे.' पलीकडे म्हणजे कुठे? संडासात बसू? तुझं घर रिकामं होतं. दोन तास पंखा लावते, चहा पिते, पेपर वाचते. विजेचे किती झाले ते सांग, देते."

"मला विचारायचं होतंस."

"तू मला सांगितलंस का, घर विकतेस म्हणून?"

जयंतीने पंख्याकडे बघितलं.

"स्टोव्ह पिशवीतून गेला त्या दिवशीच कळलं मला. सत्यनारायण म्हणे. सहा वर्षांत तू गणपतीला उदबत्ती लावली नाहीस, आणि सत्यनारायण."

"माका शिकव नको," जयंती म्हणाली. चिडली की तिची मालवणी वर यायची. मग ती समोर बसली आणि काळा चहा घेतला, कारण पाय खरंच दुखत होते. नंतरचे दोन तास तीच बोलत होती. काडी, मीटर, डावीकडचा कप, सगळं. क्षमा ऐकत होती आणि मधून मधून हसत होती, ते जयंतीला मुळीच आवडलं नाही.

"कप डावीकडे ठेवला म्हणून मी चोर?"

"पुरावा होता."

"पुरावा खरा होता गं. तपासच गाढवाचा."

निहारचा कागद सहीशिवाय परत गेला. नोटीस क्षमाने स्वतःच्या अक्षरात लिहिली, फळ्यावर लिहिल्यासारखी ठळक: फ्लॅट विकणे आहे. किल्ली समोरच्या घरात. दुपारी दोन ते चार. बोर्डावर कागद लागायला जयंती तयार झाली ती काही क्षमावर भाळून नव्हे. वासामुळे पुन्हा सुबोधकडे जाऊन सोफा-कम-बेडवर एकूण दहा रात्री काढल्यावर तिला घाई झाली होती, आणि अनोळखी माणसांना दार उघडायला तिचं मन घेत नव्हतं. मनातली शंका मात्र तशीच होती. म्हणून पहिलं गिऱ्हाईक येणार त्या दिवशी ती पुन्हा न सांगता मुलुंडला आली आणि गच्चीच्या जिन्यावर, वळणाआड, रुमाल टाकून बसली. घराचं दार उघडं होतं. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

देवेश आणि श्रुतिका नावाचं तरुण जोडपं होतं, भांडुपला भाड्याने राहणारं.

"पाणी सकाळी साडेसहा ते साडेआठ," क्षमा सांगत होती. "टाकीचं नंतर येतं, पण त्यावर जाऊ नका. हॉलला दुपारनंतर ऊन. समोर राहणारी बाई तोंडाने वाईट आहे. ती मी. आता बेडरूम बघा. छान दिसतंय ना छत? तिथे रंगाखाली डाग आहे. पोळीएवढा. जुलैत येईल."

जिन्यावर जयंती अर्धी उठली आणि परत बसली. वाट लागली. संशय उगीच नव्हता, एवढंच तिच्या मनात आलं. ही बाई घर विकायला नाही, मोडायला बसली आहे.

जोडपं खाली उतरेपर्यंत तिने दम धरला, मग कठडा धरत उतरली आणि दारात उभी राहिली. "काय केलंस हे?"

क्षमाला तिला बघून नवल वाटलं नाही. "जिन्यावर बसलीस? फरशी गार असते तिथली."

"डाग कशाला सांगितलास?"

"आपोआप दिसला असता. तू तेव्हा बोरिवलीला, लिफ्टने वरखाली करत असशील. जुलैत माझी बेल वाजणार, आणि काकू तुम्हाला माहीत होतं ना, हे मला ऐकावं लागणार. पुढची वीस वर्षं मला त्यांच्या समोर राहायचंय. तेवढी जगले तर."

जयंतीने यावर विचार केला. इन्स्पेक्टरसारखा केला. दलाल हातात पैसे पडले की निघून जातो. सुबोधला कटकट संपवायची आहे. ती स्वतः तर डाग झाकून बसली होती. खोटं बोलून ज्या माणसाचा फायदा होत नाही, उलट नुकसानच होतं, असं या सगळ्यात एकच होतं, आणि ते समोर उभं राहून खुर्ची जागेवर लावत होतं. विश्वास वगैरे नव्हे, हिशेबच तसा निघत होता.

चार दिवसांनी देवेशचा फोन आला. "आम्ही अकरा घरं बघितली," तो म्हणाला. "डाग कोणीच दाखवला नव्हता. म्हणजे बाकीच्या ठिकाणी कुठे असेल, देव जाणे." भावात थोडी घासाघीस झाली, डागापुरतं जयंतीने सोडलं.

सही करण्यापूर्वी ती भांडुपला त्यांच्या खोलीवर जाऊन आलीच. सहज म्हणून. हात धुवायला मोरीत गेली. दोघंच राहतो म्हणाले होते, आणि कपात तीन ब्रश.

"तिसरा कोणाचा?" तिने तिथूनच विचारलं.

"तो कंगवा साफ करायचा, काकू," श्रुतिका म्हणाली. जयंतीने उचलून पाहिला. केस सगळे वाकलेले, मुळाशी काळं. खरं होतं.

रजिस्ट्रेशन जानेवारीत झालं. एका खोलीचं, लिफ्टवालं घर बोरिवलीला झालं, खिडकीतून सुबोधची गॅलरी दिसते असं. मुलुंडचा ताबा देताना जयंतीने देवेशच्या हातावर दोन किल्ल्या ठेवल्या.

"तिसरी क्षमाकडे आहे. देईल ती." मग क्षमाकडे वळून, "दे हं त्यांना, आठवणीने."

"देते."

"आणि तुझी माझ्या जुन्या पर्समध्ये राहिली बघ, ती सामानात पुढे गेली. रविवारी आणून देते."

मग ती जिना उतरू लागली. पहिल्या वळणावर देवेश तिला हात द्यायला गेला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "कुलूप आधी बदलून घे रे. किती किल्ल्या कुठे आहेत, कोणी सांगावं."

ते मी ऐकलं, जयंती. माझं दार उघडंच होतं. देवेशने तिसऱ्या दिवशी नवं कुलूप बसवलं, आणि बसवताना माझ्याकडे बघवत नव्हतं त्याला, बिचाऱ्याला. तुझी किल्ली लाल नाडीसकट खुंटीवरच आहे. आता ती कुठलंच दार उघडत नाही, तरी द्यायची ती द्यायची होती. दिली नाही. डाग जुलैत आला, पोळीएवढाच. देवेश बेल वाजवून एवढंच म्हणाला, "काकू, आला तो." दुपारी मी आता सेक्रेटरीच्या परवानगीने गच्चीच्या जिन्यावर खुर्ची टाकून बसते. फरशी खरंच गार असते तिथली.

माझी किल्ली तुझ्या पर्समध्ये आहे, नाहीतर फूटपट्टीशेजारी कुठे. श्वेता म्हणते, आई, आपणही कुलूप बदलू या. मी म्हटलं, बघू. कुरिअरने पाठवू नकोस, कुरिअरवाल्यावर तुझा भरवसा नाही आणि माझाही नाही. तू रविवार म्हणाली होतीस, कुठला ते मी विचारलं नव्हतं. आजही रविवार आहे, चार वाजून गेले.

क्षमा